नावेच्या डोळ्यातले कुसळ

रंग हा मोठा अघळपघळ पाहुणा आहे. ज्या भिंतीने त्याला बोलावले तिच्याकडे तो जातोच. पण जाता जाता शेजारच्या खिडकीत डोकावतो, फरशीवर बसकण मारतो, आजोबांच्या चष्म्यावर एक ठिपका ठेवतो आणि दाराच्या कडीला मिठी मारून राहतो. दिवाळीच्या आधी ज्या घरात रंगारी येऊन गेले असतील त्या घरातल्या गृहिणीला हे सांगायला नको. भिंती कशा झाल्या हे पाहुण्यांना दिसते. काचांचे काय झाले हे तिलाच दिसते. एका हातात ओले फडके आणि दुसऱ्या हातात जुने ब्लेड घेऊन धनत्रयोदशीच्या सकाळी खिडकीशी उभी असलेली स्त्री हे आपल्या मध्यमवर्गीय दिवाळीचे अगदी खरे चित्र आहे. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर तिच्या हातात नेहमी निरांजनाचे तबक असते, ही गोष्ट वेगळी.

पण घरच्या खिडकीचे काम सोपे. डिस्टेंपर ओल्या फडक्याने निघतो, तैलरंग ब्लेडने निघतो आणि काच पुन्हा होती तशी होते. आज या सदरात मला ज्या काचेविषयी लिहायचे आहे ती घराची नाही, नावेची आहे. तांडेलाच्या केबिनपुढे असते ती. किंवा गेटवेच्या धक्क्यावरून सुसाट सुटणाऱ्या लहान बोटींच्या तोंडाशी वाकवून बसवलेली असते ती. तिच्यावर रंगाचे शिंतोडे उडाले तर काय करावे? प्रश्न लहान आहे. पण उत्तर चुकले तर नाव चालवणारा माणूस भर समुद्रात आंधळा होतो.

आता मरोळला राहणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकाने ही उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. आमच्या मरोळला समुद्र नाही. पाणी म्हणाल तर मिठी नदी आहे. विहार-पवईच्या तलावांचे ओसंडलेले पाणी घेऊन ती निघते, आमच्या अंगावरून जाते आणि माहीमच्या खाडीला मिळते. तिच्यात नाव घालण्याची कल्पना आज एखाद्या कवीलाही सुचणार नाही. परंतु समुद्र मरोळला येतो तो दोन वाटांनी. एक वाट बाजाराची. मरोळची सुकी मासळी मुंबईत प्रसिद्ध आहे. बोंबील, जवळा, सोडे असा माल मांडून कोळणी बसतात, आणि वारा अनुकूल असला तर बाजार कोठे भरतो हे नवख्या माणसालाही विचारावे लागत नाही. दुसरी वाट कारखान्यांची. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे अंधेरीच्या पूर्वेला, मरोळला लागून, त्याची वसाहत उभी राहिली. तिच्या गाळ्यांतून काय काय कापतात, वाकवतात आणि रंगवतात याची यादी करू गेलो तर हा अंक पुरायचा नाही. त्यातून २०१४ पासून मेट्रो मरोळ नाक्यावरून थेट वर्सोवा नावाच्या स्थानकापर्यंत जाते. तेथे उतरून रिक्षा केली की कोळीवाडा आलाच.

या दोन्ही वाटा माझ्या संध्याकाळच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याच्या घरात येऊन मिळतात. आई मरोळच्या बाजारात सुकी मासळी विकते. मामाची वर्सोव्याला नाव आहे. हा मुलगा दिवसभर एका गाळ्यात रंगाची गन चालवतो आणि संध्याकाळी माझ्यासमोर संतवाङ्मय शिकायला बसतो. पुढे जे लिहिले आहे त्यातले कसब बहुतेक त्याचे आहे. शुद्धलेखन तेवढे माझे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नावांना मासेमारी बंद असते. हा माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. नावा किनाऱ्यावर ओढून ठेवतात. मग जाळी विणणे, इंजिन उघडणे, फळ्या बदलणे आणि पावसाने उघडीप दिली की रंग काढणे. आपल्या घराला जसा दिवाळीआधीचा पंधरवडा, तसे नावेला हे दोन महिने. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ वाहायचा तो जुनकट नावेतून कसा वाहणार?

लाकडी नावांचा बराचसा रंग अजूनही ब्रशाने लागतो. फायबरच्या नावांना, केबिनांना आणि सफरीच्या लहान बोटींना मात्र गन हवी. तिच्याशिवाय ती गुळगुळीत झळाळी येत नाही. उघडीप सगळ्यांना एकाच दिवशी मिळते, म्हणून सगळे एकाच दिवशी रंगवायला काढतात. समुद्रावरचा वारा काही कोणाच्या मालकीचा नाही. या नावेचा निळा रंग त्या नावेच्या काचेवर जाऊन बसतो, आणि त्या नावेचा केशरी तिसरीच्या. आपल्याकडे चाळीत आणि साहित्यात जे चालते तेच तेथे चालते, म्हणायचे. भांडण दोघांचे असते आणि शिंतोडे मात्र तिसऱ्यावर उडतात.

हे शिंतोडे उडतात तरी कसे? कॉम्प्रेसरमधली दाबलेली हवा रंगाला फोडते आणि त्याचे धुके करून पुढे ढकलते. जुन्या पद्धतीच्या, मोठ्या दाबाच्या गनमधून निघालेला निम्म्याहून अधिक रंग ज्याच्यासाठी निघाला त्याला लागतच नाही. आपटून परततो किंवा वाऱ्यावर निघून जातो. नव्या, कमी दाबाच्या गनच्या तोंडाशी दाब चौरस इंचाला १० पौंडांच्या वर जात नाही, आणि तिचा दोनतृतीयांशाच्या आसपास रंग जागेवर बसतो. म्हणजे सुधारणा झाली ती एवढीच की पूर्वी अर्ध्याहून अधिक रंग भटकत असे, आता एकतृतीयांश भटकतो.

भटकणाऱ्या रंगांचेही स्वभाव असतात. झटकन वाळणारा लॅकर वाटेतच सुकतो आणि काचेवर भुकटी होऊन पडतो. ती पुष्कळदा फडक्यानेच निघते. तैलरंग सावकाश वाळतो, म्हणून ओलाच येऊन चिकटतो. तिसरा सर्वांत चिवट, दोन डब्यांचा रंग. एका डब्यात रंग, दुसऱ्यात त्याला घट्ट करणारे हार्डनर. दोन्ही आयत्या वेळी मिसळायची. हा रंग नुसता वाळत नाही, त्याच्या आत रासायनिक क्रिया होऊन तो पिकतो, आणि एकदा पिकला की थिनरलाही सहजासहजी दाद देत नाही. खारे पाणी आणि ऊन सोसायला तोच टिकतो, म्हणून बोटींना तो आवडीने मारतात. या तिघांनाही नियम एकच: शिंतोडा जितका ताजा, तितका निघायला सोपा.

कोणी म्हणेल, काचेवर चार ठिपके राहिले तर काय बिघडले? आपल्या खिडकीवर राहिले तर काहीच नाही. फार तर वन्संना बोलायला विषय मिळेल. नावेचे तसे नाही. आपला किनारा पश्चिमेचा. रात्रभर बाहेर असलेली नाव पहाटे परत फिरते तेव्हा तिचे तोंड पूर्वेला असते आणि उगवता सूर्य थेट समोरच्या काचेवर येतो. अशा तिरक्या उन्हात प्रत्येक बारीक कण प्रकाश पसरवतो आणि स्वच्छ काचेतून जे दिसले असते त्यावर पांढरे पटल येते. त्या पटलामागे दुसऱ्याच्या जाळ्याचा तरंगता बोया असेल, लहान होडी असेल, किंवा पाण्यात पडलेला माणूस असेल. समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठी १९७२ साली जे आंतरराष्ट्रीय नियम झाले, त्यांतला पाचवा नियम हाच आहे की प्रत्येक नावेने डोळ्यांनी आणि कानांनी सतत पाहारा ठेवला पाहिजे. डोळ्यांनी पाहायचे ते या काचेतूनच.

तेव्हा ठिपके काढलेच पाहिजेत. आणि येथेच आपला घरचा अनुभव दगा देतो.

"सर, आधी टिचकी मारायची," आमचा विद्यार्थी म्हणाला, "मग हात लावायचा."

टिचकी कशासाठी? तर समोर आहे ती काच आहे की नाही हे कळावे म्हणून. खरी काच खणकन बोलते. प्लॅस्टिक ठप्प आवाज करते. काच हाताला गार लागते, तिची कड बहुधा हिरवट दिसते, आणि कडक केलेल्या काचेच्या कोपऱ्यात तिचा शिक्का कोरलेला असतो. प्लॅस्टिक त्या मानाने उबदार लागते आणि वजनाला काचेच्या जवळजवळ निम्मे भरते. मासेमारीच्या नावेच्या केबिनला सपाट तावदाने असतात. ती काचेचीही असतात, प्लॅस्टिकचीही. पण लहान बोटींची जी गोल वळणाची पुढची 'काच' आपण पाहतो, ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. क्वचित पॉलिकार्बोनेट असते. नुसत्या डोळ्यांनी या दोघांतला भेद ओळखणे कठीण, म्हणून दोघांनाही सारख्याच हळुवारपणे वागवावे हे शहाणपणाचे.

या ॲक्रिलिकची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत 'प्लेक्सिग्लास' आणि इंग्लंडात 'पर्स्पेक्स' या नावांनी ते बाजारात आले आणि दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिकांवर त्याचीच पारदर्शक छते चढली. विमानावर गोळ्या लागल्या की या छताच्या बारीक चकत्या उडून वैमानिकांच्या डोळ्यांत रुतत. त्यांना तपासणाऱ्या हॅरल्ड रिडले या इंग्रज नेत्रवैद्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. इतर वस्तू डोळ्यात गेल्या की डोळा पेटून उठतो; ही चकती मात्र डोळा मुकाट्याने सहन करतो. त्यावरून त्याने ॲक्रिलिकचे भिंग करवून घेतले आणि १९४९ च्या नोव्हेंबरात लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात ते बसवले. आज आपल्या घरोघरच्या आजी-आजोबांच्या डोळ्यांत जी भिंगे बसतात ती बहुधा याच कुळातल्या, घडी घालता येणाऱ्या मऊ ॲक्रिलिकची असतात. म्हणजे नावेची पुढची काच आणि आजीच्या डोळ्यातले भिंग ही एकमेकांची भावंडे ठरतात. आजीच्या डोळ्यात कचरा गेला तर आपण काथ्या आणि राख घेऊन धावत नाही. मग या भावंडाच्या वाट्यालाच ती का यावी?

कारण ॲक्रिलिक दिसते काचेसारखे आणि असते नाजूक. ब्लेडने त्याच्यावर ओरखडा उठतो. भांडी घासायची पूड, तारेचा घासा, नारळाचा काथ्या, इतकेच काय, धूळ न झटकता फिरवलेले कोरडे फडकेदेखील त्याच्यावर आपली सही करून जाते. पण ओरखड्यापेक्षाही मोठा शत्रू म्हणजे थिनर. रंग काढायला थिनर हे समीकरण आपल्या हाडीमांसी खिळलेले. थिनर, ॲसिटोन (नखांचा रंग काढतात तो), पेट्रोल आणि अमोनिया घातलेली काच पुसायची औषधे यांतले काहीही ॲक्रिलिकला लावू नये. लावल्या क्षणी काम फत्ते झाल्यासारखे वाटते; ठिपका विरघळतो, माणूस खूश होतो. मग काही वेळाने, कधी काही दिवसांनी, त्या जागी केसांसारख्या बारीक भेगांचे जाळे उमटते. वाकवून बसवलेल्या पत्र्यात मुळातच ताण असतो. स्क्रूच्या भोकांभोवती आणि वळणाच्या कडांना तो सर्वांत अधिक, म्हणून भेगाही तेथूनच सुरू होतात. त्या आत शिरतात. त्यांना पॉलिश चालत नाही की धुणे चालत नाही. पत्रा बदलणे एवढाच उपाय उरतो, आणि तो खिशाला चांगलाच लागतो.

तर ठिपके काढायचे ते असे. काम सावलीत करावे. तापलेल्या पत्र्यावर कोणताच उपाय नीट चालत नाही. पहिली पायरी नुसत्या गोड्या पाण्याची, आणि तेही भरपूर. नावेच्या काचेवर मिठाचे कण असतात, किनाऱ्याची वाळू असते. ती निघण्याआधी घासले तर आपणच आपल्या हाताने पॉलिश-कागद फिरवला असे होते. मग सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ, जुने सुती कापड. धुवून धुवून मऊ झालेले आजोबांचे धोतर या कामी विलायती फडक्यांना हार जाणार नाही. भुकटी होऊन पडलेला रंग एवढ्यानेच निघून जातो.

निघाला नाही तर दुसरी पायरी मातीची. मोटारींचा साजशृंगार करणाऱ्यांकडे मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखी एक वडी मिळते. तिला ते 'क्ले' म्हणतात. पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने चिंब भिजवायचा आणि ही वडी चपटी करून, जोर न देता, पुढे-मागे सरकवायची. वर उठून राहिलेले रंगाचे कण ती उचलून आपल्या पोटात घेते. वडी मळली की घडी घालून स्वच्छ बाजू वर काढायची. खाली पडली तर फेकून द्यायची, कारण वाळूचा एक कण पुरे होतो. पाणी सुकू देऊ नये. या कामाला वेळ लागतो.

"घाई असेल तर हे काम घेऊच नये, सर," असे आमच्या विद्यार्थ्याचे मत. हे वाक्य मी त्याच्या निबंधाच्या वहीत पाहिले असते तर त्याखाली रेघ मारली असती.

तिसरी पायरी घासलेटाची. आपल्या पिढीने ज्याच्यासाठी रांगा लावल्या ते घासलेट आता स्वयंपाकघरातून गेले. पण ॲक्रिलिकवरचा तेलकट, ताजा डाग काढायला ते चालते. आधी एका कोपऱ्यात, दिसणार नाही अशा जागी, लावून पाहावे. मग कापडाला थोडेसे घेऊन डागापुरते फिरवावे आणि लगेच साबणाच्या पाण्याने धुऊन टाकावे. भिजत ठेवू नये. जवळपास विडी, शेगडी काही नको. पॉलिकार्बोनेट असल्याची शंका आली तर घासलेटही नको. साबणाचे पाणी आणि मातीची वडी यांवरच थांबावे.

एवढ्यानेही जो हटत नाही तो बहुधा दोन डब्यांचा, पिकलेला रंग. त्याच्यासाठी प्लॅस्टिकसाठीच बनवलेले बारीक पॉलिश मिळते. ते मऊ फ्लॅनेलवर घेऊन हलक्या हाताने फिरवावे आणि मग जे राहील ते राहू द्यावे. मामाच्या नावेवर त्याने तेच केले. "दोन ठिपके कोपऱ्यात राहिले, सर. राहू देत. तेवढ्याने मामाला समुद्र दिसतो. काच पांढरी झाली असती तर दिसला नसता."

खऱ्या काचेचे, म्हणजे आपल्या खिडकीचे, मात्र याच्या उलट. तेथे साबणाच्या पाण्याने काच ओली करावी, नवे कोरे ब्लेड तिरके धरावे आणि एकाच दिशेने सरकवावे; मागे-पुढे ओढू नये. गंजलेले, दात पडलेले ब्लेड काचेलाही चरे पाडते. थिनर लावायचा झाला तर कापडाला लावावा, काचेवर ओतू नये. कडेचे रबर आणि चौकटीचा रंग त्याने जातो. काचेवर काळी फिल्म चिकटवलेली असेल त्या बाजूला ब्लेड नेऊच नये. आणि मुळात शिंतोडे उडूच द्यायचे नसतील तर रंगाआधी काच झाकावी. वर्तमानपत्राचा एक पदर पुरत नाही, पातळ रंग त्यातून पाझरतो. दोन-तीन पदर घ्यावेत किंवा खाकी कागद वापरावा, कडेने कागदी चिकटपट्टी लावावी आणि काम झाल्यावर ती फार दिवस उन्हात ठेवू नये, नाहीतर रंगाऐवजी गोंद खरवडत बसावे लागते.

हे सारे ऐकताना मला माझ्या विषयातले एक मोठे नाव आठवत राहिले. ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्यानंतरच्या तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून तिच्यावरही असेच शिंतोडे उडाले होते. कोठे चुकीचे पाठ, कोठे कोणाच्या पदरच्या ओव्या. पैठणच्या एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, ती शुद्ध करून ठेवली. स्वतः एवढे मोठे कवी. पण काढले ते वरून आलेले, मूळ ग्रंथावर आपल्या प्रतिभेचा ब्लेड चालवला नाही. वर्गात हे सांगितले तेव्हा आमचा रंगारी विद्यार्थी मागच्या बाकावरून हसला. संतवाङ्मयातला एवढा भाग तरी त्याला परीक्षेत अडणार नाही.

तो हसला आणि त्याला खोकला आला. तो खोकला वर्गात सर्वांच्या परिचयाचा आहे. पावसाळ्यात सुरू झाला, गणपतीत होता, नवरात्रातही होता. सुट्टीच्या दिवशी कमी असतो, सोमवारी संध्याकाळी पुन्हा वाढतो. मी विचारले तेव्हा कळले की नावांचे काम संपल्यापासून गाळ्यात तो हाच दोन डब्यांचा रंग मारतो. आणि तोंडाला काय बांधतोस म्हटले तर खिशातला रुमाल काढून दाखवला. त्याच्या घडीवर निळे ठिपके होते.

जे धुके काचेवर बसते तेच रंग मारणाऱ्याच्या नाकातोंडात जाते, ही साधी गोष्ट. पण या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. मोटारी रंगवणाऱ्या कामगारांना जडणाऱ्या दम्याचे ते एक मोठे आणि जगभर नोंदलेले कारण आहे. या दम्याची खोड अशी की शरीर एकदा त्या द्रव्याला चिडले की पुढे त्याचा अगदी थोडा अंशही झटका आणू शकतो. मग माणसाला तो धंदाच सोडावा लागतो. रुमालाने मोठे कण थोडेफार अडतात, वाफ मुळीच अडत नाही. साधा धुळीचा मुखवटाही पुरत नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मुखवटा लागतो, आणि गन थांबल्यावरही काही वेळ तो काढायचा नसतो. कारण नजरेला दिसेनासे झालेले धुके हवेतून गेलेले असतेच असे नाही. कामावर वाढणारा आणि सुट्टीत उतरणारा खोकला ही तर डॉक्टरकडे जाण्याची सरळ खूण. आमच्या विद्यार्थ्याला मी डॉक्टरकडे पाठवले आहे. तपासण्या चालू आहेत. गाळ्याच्या मालकाने मुखवट्याचे दिवाळीनंतर पाहू असे सांगितले. तोवर या मुलाने गन हातात न घेता कागद चिकटवण्याचे आणि काचा साफ करण्याचे काम मागून घेतले आहे. मजुरी थोडी कमी पडते. आईने विचारले, तेव्हा तिला काय सांगितले हे त्याने मला सांगितले नाही.

वाचकहो, दिवाळीच्या अंकात हे दुखणे कशाला, असे म्हणू नका. आपल्या भिंतींना लागणाऱ्या पाण्याच्या रंगात ही द्रव्ये नसतात, आणि दोन डब्यांचा रंगही पूर्ण पिकून घट्ट झाला की त्याला हात लावायला भिण्याचे कारण नाही. धोका आहे तो रंग हवेत असतानाचा, म्हणजे रंग मारणाऱ्याचा. आपल्या हाती त्यात एक गोष्ट आहे. मोटार, स्कूटर, कपाट असे काही रंगवायला देताना आपण दोन प्रश्न हटकून विचारतो: किती घेणार आणि कधी देणार? त्यांना एक तिसरा जोडावा: रंग मारणाऱ्याला तोंडाला लावायला काय देता? चार गिऱ्हाइकांनी हे विचारले तर पाचव्याच्या आधी मुखवटा येईल. धंदेवाल्यांना गिऱ्हाइकाची भाषा प्राध्यापकाच्या भाषेपेक्षा लवकर कळते.

दिवाळी तुम्हां सर्वांना सुखाची जावो. खिडकीवरचे ठिपके एव्हाना निघाले असतील; राहिले असतील तर आज राहू द्यात, फराळाचे आधी आटपा. आणि दुकानात गेलात की तो तिसरा प्रश्न तेवढा विसरू नका.